हाताचा भाता घ्यावा की विजेचा ब्लोअर?

ऐरण, हातोडा आणि दोन सांडश्या जमल्या की लोहारकाम शिकणारा नवीन माणूस भट्टीला वारा देणाऱ्या भात्यापाशी येऊन अडतो. नागपुरात इतवारीच्या लोहा ओळीत किंवा कामठी रोडवरच्या भंगारवाल्यांकडे चक्कर मारली तर दोन्ही वस्तू बऱ्याचदा शेजारीशेजारीच पडलेल्या दिसतात. एक हँडल फिरवायचा ओतीव लोखंडाचा भाता, दुसरा गोगलगायीच्या आकाराचा विजेचा ब्लोअर. जुन्या मालात भावाचाही फार फरक नसतो. मी दोन्ही घेतले, आधी ब्लोअर आणि सात महिन्यांनी भाता.

(ऐरणीसाठी रुळाचा तुकडा बघत असाल तर लिलावाच्या मालाची पावती मागून घ्या. रेल्वेचा चोरीचा माल बाळगण्याबद्दल 1966 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि चार किलो लोखंडासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढायची काही गरज नाही.)

ब्लोअरची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. एकट्यानं काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात. एका हातात सांडशी, दुसऱ्यात कोळसा सारायची सळई. ट्रकच्या एक्सलसारखा जाड माल तापवायचा असेल तर ब्लोअर न थकता वारा देत राहतो, हाताच्या भात्यावर खांदा भरून येतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा आपण पहाटे पाचला भट्टी पेटवून आठला विझवतो. त्या तीन तासांत हात वाचले तर दोन घाव जास्त बसतात, हे मलाही मान्य आहे. ज्याला रोज विळे-कोयते काढून विकायचे आहेत, त्याला मी भात्याचा आग्रह करणार नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. नागपुरात कितीतरी गच्च्यांवर एखादा मोडका कूलर पडलेला असतो, आणि त्याचा पंखा भट्टीला जोडायचा मोह होतो. तो जोडू नका. पात्यांचा पंखा मोकळ्या जागेत भरपूर हवा ढकलतो, पण समोर कोळशाचा थर आला की हवा मागेच फिरते. भट्टीला दाबानं येणारा वारा लागतो, आणि तो गोल डब्यात फिरणाऱ्या चाकातून मिळतो. हाताच्या भात्यातही आत तसंच चाक असतं, फरक फक्त ते कोण फिरवतं याचा.

आता ज्या एका गोष्टीनं माझा निर्णय झाला, ती सांगतो. ब्लोअर आपल्याबरोबर थांबत नाही.

पहिली सुरी मी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून करत होतो. तीन रविवार घालवून टोक काढलं होतं, पाठ सरळ आणली होती. शेवटचा ताव द्यायला पातं भट्टीत ठेवलं आणि हातोड्याचा दांडा सैल वाटला म्हणून पाचर ठोकायला वळलो. अर्धा मिनिटही झालं नसेल. मागून तडतड आवाज आला म्हणून पाहिलं तर कोळशातून पांढऱ्या ठिणग्या उडत होत्या, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. लाकडी कोळसाही ठिणग्या टाकतो, पण त्या तांबूस असतात आणि अशा फुलत नाहीत. हे पोलादच जळत होतं. पातं बाहेर काढलं तेव्हा टोक उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं. ऐरणीवर हलका घाव घातला आणि दीड इंच टोक गुळाच्या खड्यासारखं भुगा होऊन पडलं. जळलेलं पोलाद पुन्हा जुळून येत नाही, तेवढं कापूनच टाकावं लागतं. माझी आठ इंची सुरी साडेसहा इंचांची झाली.

पुढच्या सहा महिन्यांत हे आणखी दोनदा झालं. टोक बारीक, पाठ जाड, त्यामुळे पाठ केशरी होईपर्यंत टोक पांढरं झालेलं असतं. मी ब्लोअरच्या नळीत झडप बसवली, मग पायानं दाबायचा स्विच लावला. दोन्हीचा उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगतो. झडपेवर हात बसला तर कदाचित तुमचं काम भागेलही. पण झडप बंद करायची आठवण ठेवावी लागते, आणि शिकण्याच्या दिवसांत डोकं आधीच दहा गोष्टींनी भरलेलं असतं. हाताच्या भात्यावर असं काही आठवावं लागत नाही. हात हँडलवरून उठला की वारा थांबला. पातं विस्तवात राहिलं तरी ते हळूहळू निवतं, जळत नाही.

दुसरा फरक कोळशाचा. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं मुख्यालय आपल्याच शहरात आणि आजूबाजूला उमरेड, सावनेर, कामठीच्या खाणी, म्हणून नवीन माणसाला वाटतं की कोळशाच्या बाबतीत आपण नशीबवान. पण हा कोळसा वीजकेंद्रांच्या कामाचा. तो झरियाच्या कोळशासारखा फुगून कोक होत नाही, आणि राख पुष्कळ. ती राख वितळून नळीच्या तोंडाशी काचेसारखा गोळा धरते, आणि मग तो काढत बसावं लागतं. म्हणून मी लाकडी कोळशावर आलो. तो इस्त्रीवाले आणि तंदूरवाले जिथून घेतात तिथे पोत्यानं मिळतो, स्वच्छ जळतो आणि त्याला वाराही कमी पुरतो.

तोच कोळसा ब्लोअरखाली मात्र डोळ्यांदेखत उडून जातो. लोखंड बाहेर काढून ऐरणीवर पंधरा-वीस सेकंद घाव घालायचे, तेवढा वेळ रिकामी भट्टी फुलतच असते. मी काही वजनकाटा लावला नाही, पण ब्लोअरवर एक पोतं मला दोन रविवार पुरायचं आणि आता तिसऱ्या रविवारीही तळाशी काही उरतं. पोलादालाही फरक जाणवतो. गरजेपेक्षा जास्त वारा आला की कोळशात न जळलेली हवा लोखंडापर्यंत पोचते आणि त्यावर जाड पापुद्रा धरतो. भात्यावर आल्यापासून माझ्या पात्यांवरचे खड्डे कमी झाले, घासायचं कामही कमी झालं.

भात्याचाही एक दोष आहे, तो लपवत नाही. तुम्ही कच्चा दगडी कोळसा वापरणार असाल तर वारा थांबल्यावर त्यातून निघणारा वायू नळीत मागे शिरतो, आणि पुन्हा हँडल फिरवताच आत फट्‌कन स्फोट होतो. नळीला खाली झाकण ठेवून ते मधूनमधून उघडावं लागतं. लाकडी कोळशावर मला हा त्रास जवळजवळ नाही. आणि नळी कुठल्याही भात्याची असो, विस्तवाजवळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप नको. त्याच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो.

भाता घ्यायचं मनात पक्कं झालं ते मात्र माझ्या भट्टीवर नाही. मृगाच्या आधी कळमेश्वरकडच्या एका गावात गेलो होतो. वखराच्या पासा (जमिनीत चालणारी लोखंडी पाती) पाजवायला शेतकऱ्यांची रांग लागली होती. लोहारकाका ऐरणीवर आणि काकू भात्यावर. दोघांत एक शब्द नाही. पास विस्तवात गेली की भाता सावकाश फिरायचा, मग वेग धरायचा, आणि कड पिवळी दिसू लागली की काकूंचा हात आपोआप थांबायचा. काकांची सांडशी त्याच क्षणी पुढे यायची. थांबायचं कधी हे कसं कळतं, असं मी विचारलं. काकू माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "रंग दिसते न बाप्पा."

माझा ब्लोअर चालू असताना मी रंग बघत नव्हतो, पुढच्या घावाचा विचार करत होतो. भात्यावर एक हात अडकलेला असतो, त्यामुळे बघण्याखेरीज दुसरं करण्यासारखं काही उरतच नाही. गहिरा लाल, मग केशरी, मग पिवळा. लोहचुंबक ज्या तापमानाला पोलाद सोडतं (साधारण 770 अंश) त्यानंतरचा रंग कुठला, हे मला भात्यानं दोन महिन्यांत दाखवलं. पाणी देताना, म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करताना, ते पुरेसं तापलं का हे बघायला आता चुंबक क्वचितच लागतं.

जुना ब्लोअर घेत असाल तर दुकानातच पाच मिनिटं चालवून घ्या. बेअरिंगचा घरघर आवाज आणि वाइंडिंग जळाल्याचा वास, दोन्ही तेवढ्या वेळात कळतात. घरी अर्थिंग नीट करून घ्या, कारण भट्टीजवळ पाण्याचं टिपाड असतं आणि जमीन ओली असते.

भात्याची परीक्षा हातानंच करायची. जोरात चार फेरे देऊन हँडल सोडा. चांगला भाता स्वतःहून थोडा वेळ फिरत राहतो, घासणारा लगेच थांबतो. सुरुवातीला आवाज येत असेल तर लगेच घाबरू नका, आतलं तेल वर्षानुवर्षं कोणी बदललेलं नसतं. माझा भाता मोडक्या जात्यासारखा ओरडत होता, रॉकेलनं धुऊन गिअर ऑइल भरल्यावर निवांत झाला. डब्याला किंवा पायाला तडा असेल तर नको, ओतीव लोखंडाचं वेल्डिंग टिकेल याचा भरवसा नाही. हँडल अगदी सावकाश फिरवून बघा. प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी झटका बसत असेल तर गिअरचा दात गेलेला आहे, तो भाता फुकट मिळाला तरी उचलू नका. हँडलची मूठ नसेल तर मात्र तेवढ्यावरून भाव पाडून घ्या आणि घेऊन या. बाभळीच्या तुकड्याची मूठ अर्ध्या तासात होते.