कागद चोख, रिव्हॉल्व्हर भंगार: १,०५,९०० रुपये असे गेले

रिव्हॉल्व्हरचे ९२,०००, मधल्या माणसाचे ८,०००, 'सर्व्हिसिंग'चे ३,५०० आणि शेवटी परवानाधारक कारागिराच्या तपासणीचे २,४००. बेरीज १,०५,९०० रुपये. आणि हातात आलं काय, तर एकही काडतूस झाडू नये असं लोखंड. लिहायची लाज वाटते, पण असंच हत्यार उद्या नागपुरात दुसऱ्या कुणाला दाखवलं जाईल म्हणून लिहितोय.

पद्धत तुम्हाला माहीतच आहे. आजोबांचं हत्यार, मुलं पुण्याला, परवान्याचं नूतनीकरण झेपत नाही, दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय. माल म्हणजे .३२ चं बेल्जियन, मधून मोडून उघडणारं, पाच बारांचं, ताज्या निकेलने चकाकणारं. बेल्जियममधल्या लीज शहराच्या चाचणीगृहाचा अंडाकृती ईएलजी शिक्का दाखवून 'सरकारी टेस्टिंग झालेलं आहे साहेब' असं सांगितलं. त्या अंडाकृतीवर मुकुट नव्हता. मुकुट १८९३ पासून आला, म्हणजे हा शिक्का त्याच्या आधीचा, बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातला. धूरविरहित दारूच्या चाचणीचा सिंह आणि पीव्ही हा शिक्का कुठेच नव्हता. शिक्का एवढंच सांगतो की त्या दिवशी, त्या दारूला ते टिकलं. नंतरच्या सव्वाशेहून जास्त वर्षांचं तो काही सांगत नाही.

जिथे मी थांबायला हवं होतं तो क्षण रोज आठवतो. मी सिलिंडर, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यांचं फिरतं नळकांडं, बोटांत धरून हलवला, तो सैल होता. विक्रेता म्हणाला, "घोडा खाली असताना जुनी मॉडेलं हलतातच." हे अर्धं खरं आहे आणि त्याच अर्ध्या सत्याने माझं तोंड बंद केलं. जुन्या स्वस्त बनावटीत घोडा खाली असताना सिलिंडर मोकळा फिरतो. खरी परीक्षा पुढची आहे: पाचही कप्पे रिकामे असल्याची खात्री करा, घोडा चढवा, अंगठ्याने आवरत खाली आणा आणि चाप मागे दाबलेलाच ठेवून सिलिंडर हलवा. त्या स्थितीत डावी-उजवी किंचित हालचाल चालेल, पुढे-मागे जवळजवळ काहीच नको. मी चाप सोडला आणि मग हलवला. वीस वर्षं परवाना असलेल्या माणसाने हे करावं! पण समोरचा माणूस चेहऱ्याने सज्जन होता, कागद चोख होते, आणि तपासणारा कुणीही त्या वेळी कागदांकडेच बघतो.

कारागिराने फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, घातलं. सिलिंडर मागे दाबून, त्याचं तोंड आणि नळी यांच्यातली फट ०.४५ मिमी. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ती साधारण ०.१० ते ०.२० असते. ०.३० च्या पुढे गेली की गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या डोळ्यातही जातात. सिलिंडर पुढे ढकलून पुन्हा मोजा, दोन मापांतला फरक म्हणजे त्याची पुढची-मागची ढिलाई. नुसती फट बघून कुणी 'ठीक आहे' म्हणालं तर ऐकू नका.

घोडा सावकाश चढवा, सिलिंडरवर बोटाचा हलका अटकाव ठेवून, पाचही कप्प्यांसाठी. घोडा पूर्ण चढण्याआधी सिलिंडर अडवणारा खटका सिलिंडरवरच्या खाचेत बसलाच पाहिजे. माझ्या हत्यारात दोन कप्प्यांना बसत नव्हता, म्हणजे कप्पा नळीच्या रेषेत नाही, आणि गोळी नळीच्या कडेवर घासून शिसं उडवणार. पूर्ण चढलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने दाबा. पडला तर व्यवहार तिथेच संपवा. बिजागर आणि वरची कडी ढिली आहे का तेही बघा. नळी बंद करून वर-खाली हलवल्यावर टक्क आवाज आला तर प्रत्येक बार ती कडी आणखी झिजवतो.

सगळ्यात वाईट गोष्ट आतमध्ये होती. .३२ स्मिथ अँड वेसन काडतुसाच्या कप्प्यात पुंगळीची लांबी १५.५ मिमी, त्यापुढे एक पायरी असते. १८९६ चं .३२ लाँग त्याहून लांब, साधारण २३.४ मिमी. आपल्याकडे मिळतं ते लाँग. म्हणून कुणीतरी बरमा फिरवून पायरीच काढून टाकली होती. म्हणजे काळ्या दारूच्या मऊ पोलादात, पातळ भिंतींमध्ये, मूळ कप्प्याच्या मापापेक्षा लांब आणि जोरकस काडतूस. सिलिंडर फाटतो तो असाच. डाय पेनिट्रंटची, म्हणजे रंगाने भेग दाखवणारी, तीन डब्यांची चाचणी केली तेव्हा एका खाचेपाशी लाल रेघ उठली. निकेलच्या चकाकीत ती डोळ्यांना दिसत नव्हती. ताजं निकेल म्हणजे काहीतरी झाकलंय, असंच समजा.

पोलिसांत तक्रार करायला गेलो. एका टेबलावर सांगितलं, "नंबर जुळतोय, कागद बरोबर आहेत, मग फसवणूक कसली?" दुसऱ्या टेबलावर, "ही दिवाणी बाब आहे." तिसऱ्यावर साहेब बैठकीत. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ वं कलम मी वाचून दाखवलं, तर 'लेखी द्या' म्हणाले. लेखी दिलं, पोच मागितली, तेव्हा 'उद्या या'. उद्या, परवा, तेरवा. विक्रेता दुकानदार नव्हता, म्हणून ग्राहक आयोगाचाही रस्ता बंद. हस्तांतरणाच्या आधी ४५ दिवसांची लेखी सूचना विक्रेत्याने दिली होती, हत्यार दाखवलं होतं, पण पोलिसांनी क्रमांक वाचला आणि फुली मारली. लोखंड कुणी बघितलं नाही. ते त्यांचं काम नाही म्हणे. मग कुणाचं?

९२,००० पैकी ६०,००० बँकेतून गेले, ३२,००० रोख. रोखीचा पुरावा नाही. तुम्ही एक रुपयाही रोख देऊ नका. आणि तपासणी स्वतःच्या ओळखीच्या परवानाधारक कारागिराकडेच करा, विक्रेत्याने आणलेल्या 'सर्व्हिसिंगवाल्या'कडे नव्हे. त्यानेच माझे ३,५०० घेऊन निकेल उजळून दिलं.

हत्यार परत करायचं तर पुन्हा ४५ दिवस, आणि विक्रेता फोन उचलत नाही. फेकता येत नाही, विकायचं म्हणजे हेच पाप दुसऱ्याच्या माथी मारायचं. ते परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवलंय, महिन्याला ३०० रुपये भाडं. तक्रारीची पोच अजून मिळालेली नाही, सोमवारी पुन्हा जातोय.