डोक्याला बांधायची लाल लाईटवाली टॉर्च : रात्री दारं धरणाऱ्यांनी घ्यावी का

सोलापुरात नवी पेठेतल्या एका दुकानातून घेतली, साडेसहाशे रुपये. चार्जिंगची आहे, पट्ट्यानं कपाळावर बसते, पांढरा लाईट तीन पॉवरमध्ये आणि वेगळा एक लाल लाईट. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच साचा बाजारात पाच-सहा नावांनी मिळतो. आमचं शेत नान्नजच्या बाजूला, मोटारीची थ्री फेज लाईट (वीज) बऱ्याचदा रात्रीचीच असते त्यामुळं उसाला दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी सोडायला, अंधारात जावंच लागतं आणि दोन्ही हात खोऱ्याला लागतात, हातातल्या बॅटरीचं मग करायचं काय.

लाल लाईट म्हणजे नुसता शो असं बरेच जण समजतात पण मला विचाराल तर पैसे त्याचेच आहेत. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर दोन जातीच्या पेशी असतात. शंकू पेशी साधारण 60 लाख, त्यांना रंग कळतात पण उजेड भरपूर लागतो. दंड पेशी 12 कोटींच्या आसपास, त्यांना रंग कळत नाहीत पण नुसत्या चांदण्यात पण काम करतात. ह्या दंड पेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचं द्रव्य असतं, झगझगीत उजेड डोळ्यावर आला की ते खर्ची पडतं आणि परत तयार व्हायला 20 ते 30 मिनिटं जातात, पूर्ण सरावायला कधीकधी 40 सुद्धा. म्हणजे मोबाईलची बॅटरी एकदा लावून बंद केली की पुढं अर्धा तास बांध नीट दिसत नाही तो ह्यामुळं. लाल उजेड मात्र दंड पेशींना जवळजवळ जाणवतच नाही. लाल लावून स्टार्टरचा खटका दाबायचा, बंद करायचं, लगेच उसाची सरी आणि पाण्याची चमक दिसते. फक्त लाल पण मंद पाहिजे, डोळ्यात घुसणारा लाल असला तर फायदा कमी होतो.

आमचे आबा आयुष्यभर बॅटरीशिवाय रानात फिरले, ते म्हणतात, “अंधारात एखाद्या गोष्टीकडं सरळ बघू नको रे, जरा कडंनं बघ म्हंजे दिसतंय.” एकदम खरं आहे ते, कारण पडद्याच्या अगदी मधोमध दंड पेशी नसतातच, तिथं सगळ्या शंकू, म्हणून रोखून बघितलं की बारीक वस्तू गायब होते आणि नजर थोडी बाजूला केली की परत दिसते. चांदणी बघताना करून बघा कुणीपण.

आता लाल लाईटमध्ये काय करायचं नाही ते पण सांगतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. वायरिंगला हात लावू नका. स्टार्टरच्या पेटीत लाल, पिवळी, निळी वायर असते ना, लाल लाईटमध्ये लाल आणि पिवळी दोन्ही सारख्याच फिकट दिसतात आणि निळी काळी पडते, फेज बदलून बसायला वेळ लागणार नाही. आणि बांधावरून चालताना पण लाल नको, फुरसं (विषारी साप) मातीच्याच रंगाचं, ते जास्त करून रात्रीच बाहेर पडतं आणि लाल उजेडात ढेकळांमध्ये अजिबात उठून दिसत नाही. चालताना पांढरा, सगळ्यात कमी पॉवरवर, पायापुढं पाडायचा आणि पायात बूट.

पांढऱ्या लाईटचा खरा उपयोग जनावर ओळखायला. गाय, शेळी, कुत्रं, मांजर, कोल्हा, लांडगा ह्यांच्या डोळ्याच्या पडद्यामागं एक चमकदार थर असतो, टॅपेटम ल्युसिडम म्हणतात त्याला. आत गेलेला उजेड त्या थरावर आपटून परत पडद्यातूनच बाहेर येतो म्हणजे पेशींना तोच उजेड दोनदा मिळतो. मांजराला आपल्यापेक्षा साधारण सहापट कमी उजेडात भागतं त्यात ह्या थराचा मोठा वाटा आहे. तर हा उजेड आला तिकडंच परत जातो, त्यामुळं बॅटरी कमरेजवळ धरली तर चमक फारशी दिसत नाही, आणि कपाळावरची टॉर्च आपल्या डोळ्याला लागूनच असल्यामुळं लांबवरचे डोळे पण लगेच पेटतात. माळढोक अभयारण्याच्या बाजूला लांडगे आहेत, तिकडं शेळ्या असणाऱ्यांना हे लई कामाचं आहे. पण रानडुकरावर भरवसा ठेवू नका, डुकराच्या डोळ्यात हा थर नसतो (माणसाच्या पण नसतो), त्यामुळं डोळे चमकले नाहीत म्हणजे मक्यात काही नाही असं समजू नका. आणि एक, हीच टॉर्च लावून गवतात खाली बघा, दवाच्या थेंबासारखे हिरवट-निळे ठिपके चमकतात, जवळ गेलं की कळतं ते जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांचे डोळे आहेत. लहान पोरांना नक्की दाखवा, मला तर अजून नवल वाटतं.

मोठी तक्रार एकच, बटण. एकच बटण आहे आणि लाल लावायचा तर आधी फुल पांढरा, मग मधला, मग कमी, मग लाल. म्हणजे ज्याच्यासाठी लाल दिला तेच पहिल्या दाबाला घालवलं, ज्यानं बनवली तो रात्री कधी रानात गेलेला नसणार. तोपर्यंत उपाय म्हणजे बटण दाबताना एक डोळा गच्च मिटून धरायचा, दोन्ही डोळे अंधाराला वेगवेगळे सरावतात त्यामुळं मिटलेला डोळा तसाच राहतो. बाकी बॅटरी रात्रभर पुरते, पट्टा घामानं ढिला पडतो, चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट बसत नाही म्हणून पावसात जपा.

5 पैकी 3 स्टार. त्याच दुकानात दोन बटणांची पण आहे, लालला स्वतंत्र बटण, दोनशे रुपये जास्त, घेणार असाल तर तीच मागा आणि काउंटरवरच लाल डायरेक्ट लागतो का ते दाबून बघा. आबांसाठी मी आता तीच आणणार आहे.