अजिनोमोटोची पुडी: पाचपैकी साडेतीन

आधी गुण सांगून टाकते. पाचपैकी साडेतीन. दीड गुण का कापला ते पुढे येईलच. लोक म्हणतात, या चव वाढवणाऱ्या पांढऱ्या पुडीने डोकं दुखतं आणि त्यात हाडांची पूड असते. पण तो डोकं दुखतं म्हणून कापलेला नाही, आणि हाडांसाठी तर मुळीच नाही. तसली काही पूड त्यात नसते.

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. दुपारपर्यंत डबे, संध्याकाळी सूप, फ्राइड राइस, नूडल्स. संध्याकाळच्या ऑर्डरीचा फोन आला की तिखट कमी-जास्त विचारायच्याही आधी प्रश्न येतो, "ताई, अजिनोमोटो नाही ना घालत?" आणि हेच गिऱ्हाईक पार्सल न्यायला आलं की पोरांसाठी शेजारच्या दुकानातून मसाला चिप्सची दोन पाकिटं घेऊन जातं. चिप्सचं पाकीट कधी उलटं करून वाचा. चव वाढवणाऱ्या पदार्थांचे नंबर बारीक अक्षरांत असतात, त्यात ६२१ दिसलं तर तो हाच. ६२७ आणि ६३१ हे त्याचे चुलतभाऊ.

आता वस्तूबद्दल. मिठाचा कण चौकोनी असतो, हा बारीक, लांबट, सुईसारखा. तळहातावर घेऊन उजेडात धरलं तर चमकतो. वास नाही. नुसता जिभेवर ठेवला तर आधी किंचित खारट, मग तोंडाला पाणी सुटतं, आणि नंतर बराच वेळ काहीतरी अर्धवट खाल्ल्यासारखं वाटत राहतं. नुसतं चाखून पुडी फेकून देणाऱ्यांना मी दोष देणार नाही, पण नुसता हिंग तरी कोण खातं?

खरी परीक्षा टोमॅटोच्या सारात घेतली. एकाच पातेल्यातलं सार दोन भांड्यांत काढलं. एकात नेहमीइतकं मीठ. दुसऱ्यात मीठ साधारण एक तृतीयांश कमी आणि चार वाट्यांना पाव चमचा अजिनोमोटो. आमच्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशी गुहागरकडच्या आहेत. त्यांना काही न सांगता दोन्ही दिली. पहिलं प्यायल्या, "बरंय" म्हणाल्या. दुसऱ्याचा घोट घेतला आणि थांबल्या. "ताई, ह्यात सोड्यांचं पाणी घातलंत होय?" सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. नाही म्हटल्यावर वाटी नाकाशी नेऊन वास घेतला, पुन्हा प्यायल्या, आणि माझ्याकडे संशयाने बघत वाटी संपवली.

मावशींची जीभ बरोबर जागी गेली होती. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही चव वेगळी काढली. ते ग्लुटामेट. पाच वर्षांनी त्याच्याच हाताखालच्या कोदामाने सुकवलेल्या बोनितो माशातून तिची जोडीदारीण शोधली. या दोन्ही एकत्र आल्या की चव नुसती बेरजेने नाही, कितीतरी पटीने वाढते. वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे टाकणाऱ्या कोकणातल्या बायकांना हे कुठल्या प्राध्यापकाने शिकवलं नव्हतं. पिकलेल्या टोमॅटोत, अळंबीत, मुरलेल्या चीजमध्ये, इतकंच काय आईच्या दुधातही ग्लुटामेट असतंच. १९०९ पासून ते 'अजिनोमोटो' नावाने बाटलीत भरून विकायला लागले, एवढंच.

मग कुजबुज सुरू झाली, आणि तीही आधी जपानातच. पांढरी पूड, चिमूटभर टाकली की रस्सा एकदम चविष्ट, म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं! लोक म्हणायला लागले, हे सापांपासून करतात. अफवा इतकी पसरली की १९२० च्या दशकात कंपनीला वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सांगावं लागलं की आम्ही कच्चा माल म्हणून साप वापरत नाही. तेव्हा ते गव्हाच्या चिकापासून काढत. आज उसाची मळी किंवा टॅपिओकासारख्या पिष्टमय मालावर जिवाणू सोडून आंबवतात. आपल्याकडे सापाच्या जागी हाडं आणि मासे आले. श्रावणात मला हमखास विचारतात, "हे चालतं का?" गंमत म्हणजे १९२० च्या दशकात शांघायला वू युन्चू या उद्योजकाने हीच पूड चिनी बनावटीची काढली, तेव्हा ती बौद्ध शाकाहारी लोकांत चांगली खपली. मांसाच्या रश्श्याशिवाय तशी चव मिळत होती ना!

डोकेदुखीची गोष्ट अमेरिकेतली. १९६८ साली रॉबर्ट हो मान क्वॉक या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटंसं पत्र लिहिलं. इथल्या चिनी हॉटेलांत जेवलो की मान बधिर होते, धडधडतं, अशक्त वाटतं. सोया सॉस असेल, स्वयंपाकात घालतात ती वाइन असेल, अजिनोमोटो असेल किंवा नुसतं मीठही असेल, कुणीतरी तपासावं, इतकंच त्यांचं म्हणणं. संपादकांनी वर मथळा ठोकला, 'चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम'. झालं. सोया सॉस सुटला, वाइन सुटली, मीठ तर सुटलंच, पूड तेवढी अडकली. त्या काळात अमेरिकन घरांत डबाबंद सूप आणि गोठवलेली तयार जेवणं भरलेली होती आणि त्यांतही हीच पूड पडत होती. पण 'डबाबंद सूप सिंड्रोम' काही निघाला नाही.

याला कारण आहे. त्या देशात चिनी माणसाच्या ताटाबद्दल वाटेल ते बोलायची सवय आधीपासूनच होती. १८८० च्या दशकात 'रफ ऑन रॅट्स' नावाचं उंदरांचं औषध विकलं जायचं. त्याच्या जाहिरातीच्या चित्रात शेंडीवाला चिनी माणूस उंदीर तोंडात टाकायच्या बेतात दाखवलाय. १८८२ साली चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला, त्याच सुमाराची ही जाहिरात. आपल्या गाडीवरच्या मंचुरियनबद्दल 'अहो, ते मांजराचं असतं' म्हणणारे काका त्या जाहिरातवाल्यांचेच वारसदार, फक्त त्यांना ते ठाऊक नाही. आणि ते मंचुरियन तरी कुठलं चिनी? ते मुंबईतच जन्मलंय.

२००० साली अमेरिकेत एक चाचणी झाली. 'मला याचा त्रास होतो' असं स्वतःहून सांगणारी १३० माणसं घेतली आणि कुणाला काय दिलंय ते न सांगता पूड किंवा नुसतीच खोटी मात्रा दिली. पूड एकदम ५ ग्रॅम, तीही उपाशीपोटी. फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्यावर दरवेळी पुडीलाच त्रास झालेले उरले दोन. त्या दोघांनाही जेवणातून दिल्यावर पुन्हा तसंच घडलं असं झालं नाही. एका वाटी सुपात जाते ती अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. माझ्याकडे कुणी म्हणालं की मला सोसत नाही, तर मी हुज्जत घालत नाही, वगळते. पैसे देणारं गिऱ्हाईक आहे, कोर्टातला साक्षीदार नव्हे.

क्वॉक यांच्या त्या पत्राचीही पुढे दंतकथा झाली बरं का. २०१८ मध्ये हॉवर्ड स्टील नावाचे एक म्हातारे सर्जन सांगायला लागले की ते पत्र मीच पैजेवर खोट्या नावाने लिहिलं होतं. लोकांनी हेही आवडीने पसरवलं. शोध घेतल्यावर कळलं की क्वॉक खरोखर होते, मेरीलँडमध्ये काम करत होते, आणि पत्र त्यांचंच होतं.

पुडीचा खरा फायदा फारसं कुणी सांगत नाही. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के, यात १२. मी केलं तसं मीठ कमी करून घातली तर एकूण सोडियम उतरतं. मिठाच्या जोडीला वर आणखी घातली तर ते वाढणारच, त्यामुळे ब्लडप्रेशरवाल्यांनी चमच्याकडे नीट लक्ष द्यावं. वर्षाखालच्या बाळांच्या खाण्यात मी घालत नाही. त्यांना मीठसुद्धा घालत नाही.

आता कापलेले दीड गुण. एक आळसासाठी. हाडं किंवा भाज्या उकळून स्टॉक करायचा कंटाळा, म्हणून नळाच्या पाण्यात चमचाभर पूड आणि कॉर्नफ्लॉवर, की झालं मांचाव! असलं सूप प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं, घसा पाणी मागतो, आणि नाव पुडीचं खराब होतं. उरलेला अर्धा यासाठी की आपल्या जेवणात तिला फार काम नाही. गोडा मसाला, चिंच, गूळ पडलेल्या आमटीत घातली काय नि न घातली काय. गोडात तर अजिबात नको. पालकाचं सूप, अळंबीची भाजी, अंडाभुर्जी, रात्रीचा उरलेला भात परतताना चिमूटभर, इथे मात्र पैसे वसूल. लहान पुडी घ्या, महिनोन्महिने पुरते, आणि मिठाच्या बरणीशेजारी ठेवू नका. शेपूच्या भाजीतही घालून पाहिली. ती शेपूच लागते.