जुन्या झेनचा क्लच आणि उद्यमनगरातले मिस्त्री

कोल्हापुरात अजून जुनी मॅन्युअल गाडी सांभाळून असणाऱ्यांसाठी लिहितेय. शिवाजी उद्यमनगरात आतल्या गल्लीत लेथवाल्यांच्या ओळीत एक गॅरेज आहे, मोठं नाही, आत जेमतेम दोन गाड्या मावतात, पण क्लच-गिअरबॉक्सचं काम असेल तर डोळे झाकून तिथं जा. नाव-नंबर टाकू नका असं मिस्त्रींनीच सांगितलंय, ते आणि एक पोरगा एवढ्यावरच सगळं चालतं आणि गर्दी वाढली की काम बिघडतं असं त्यांचं म्हणणं. त्या ओळीत कुणालाही जुन्या मारुतीचे क्लचवाले मिस्त्री कुठं विचारा, हात करून दाखवतील.

आमची गाडी २००४ची मारुती झेन. सासऱ्यांनी घेतलेली, आता रोज मीच चालवते. आधी त्रास एवढाच होता की रिव्हर्स टाकताना खर्र करायची आणि क्लच पेडल लई जड झालेलं. तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजमध्ये दाखवली (नाव घेत नाही), त्यांनी बॉनेट उघडून केबलचा नट आवळून दिला, पाच मिनिटांचं काम. रिव्हर्स लगेच नीट पडायला लागला, आम्ही खूश. मग काही महिन्यांनी वैभववाडीहून येताना करूळ घाटात गाडी चढंनाच. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतंय, आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा वर जातोय, गाडी मात्र आहे त्याच स्पीडला, आणि वरून तो जळका वास. गगनबावड्यापर्यंत कशीबशी आणली. त्याच गॅरेजला परत दाखवली तर गाडी जागची न हलवता सांगितलं, पूर्ण क्लच गेला, गिअरबॉक्सपण खोलावा लागेल, आणि हे सगळं माझ्याकडं न बघता माझ्या नवऱ्याला सांगत होते. नवऱ्याने ही गाडी चालवलेलीच नाही, चालवते मी, पण असो.

उद्यमनगरच्या मिस्त्रींचं पहिलं वाक्यच वेगळं होतं. "ताई, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो, कुठं कसं होतंय ते दाखवा." पन्हाळ्याच्या रस्त्याला वाघबीळच्या चढापर्यंत गेलो. मला चौथ्यात एकदम ॲक्सिलरेटर द्यायला लावला, काटा वर उसळला आणि गाडी मागंच. "हं, स्लिप हाय." म्हणजे क्लचची प्लेट इंजिनला धड पकडत नाही, घसरते. मग सपाट जागेला थांबवून हँडब्रेक पूर्ण ओढायला लावला, तिसरा गिअर, थोडा रेस आणि क्लच हळूहळू सोड म्हणाले. क्लच चांगला असेल तर इंजिन तिथल्या तिथं बंद पडायला पाहिजे. आमचं पूर्ण क्लच सोडला तरी चालूच. ही टेस्ट एकदाच करायची, सारखी केली तर उरलीसुरली प्लेटपण जळते असं बजावून सांगितलं. घरी कुणाला करून बघायची असेल तर मोकळी जागा बघा आणि पुढं कुणी उभं नाही ना ते आधी बघा.

मला आवडलं ते हे की स्लिप कळली तरी लगेच खोलायला बसले नाहीत. मी म्हटलं, आता प्लेट बदलायचीच ना? तर म्हणाले, "आदी केबल बगूया. पेडलला खेळच न्हाई बगा." बोटाने पेडल दाबून दाखवलं. केबलवाल्या गाडीत पेडलचा पहिला अर्धा ते एक इंच मोकळा जायला पाहिजे, नंतर वजन लागलं पाहिजे. आमच्या पेडलला पहिल्यापासूनच वजन. म्हणजे केबल एवढी आवळलेली की पाय काढला तरी रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या, पाकळ्यांना टेकूनच, क्लच कायम थोडासा दाबलेलाच. दोन्ही बाजूंनी नुकसान, बेअरिंग विनाकारण फिरत राहतं आणि प्लेट पूर्ण पकडत नाही म्हणून घासत घासत जळते. आणि मुळात रिव्हर्सला आवाज का येत होता तर केबल आतून सुकलेली, गिअरबॉक्सच्या टोकाला तिच्या तारा तुटून झाडूसारख्या फुललेल्या. ती ओढ खात नव्हती म्हणून क्लच पूर्ण सुटत नव्हता. तेव्हाच केबल बदलली असती तर काही शेकड्यात विषय संपला असता. नट आवळून रिव्हर्सचा आवाज गेला आणि स्लिप सुरू झाली. मला याचा खरंच राग आला, कारण गाडीवाल्याला यातलं काही कळायचा मार्गच नसतो, त्याला फक्त आवाज गेलेला कळतो.

मिस्त्रींनी नट सैल करून खेळ दिला आणि परत चढाला नेऊन बघितलं. स्लिप कमी झाली पण गेली नाही. तेव्हा म्हणाले, आता खोलू. जेवढं बाहेरून कळतं तेवढं बाहेरूनच बघून घ्यायचं ही त्यांची पद्धत. आवाजाचंही तसंच सांगितलं, गाडी न्यूट्रलला चालू ठेवून पेडल दाबल्यावर घरघर आली तर बहुतेक रिलीज बेअरिंग, आणि पेडल सोडलेलं असताना आवाज आहे आणि दाबल्यावर जातो तर गिअरबॉक्समधलं इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दोन्ही खर्चांत लई फरक आहे, त्यामुळे गॅरेजला जायच्या आधी हे घरी ऐकून जा. गाडी जागेवरून उचलताना थरथरत असेल तर प्लेटला ऑइल लागलंय किंवा इंजिन धरून ठेवणारी माउंटिंग गेलीय हेपण बघायला पाहिजे, सरळ प्लेटवर खापर फोडायचं नाही.

गिअरबॉक्स उतरवायच्या दिवशी मी मुद्दाम थांबले. ऑइल काढलं, चाकांना जाणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट काढले, गिअरबॉक्स खाली. प्लेट माझ्या हातात दिली. प्लेटवरचं घासणारं लायनिंग आणि ते धरणाऱ्या रिवेटची डोकी जवळजवळ एका लेव्हलला आलेली, अजून थोडे दिवस चालवली असती तर रिवेटने फ्लायव्हील (इंजिनची चकती, जिला प्लेट चिकटते) खरवडलं असतं. फ्लायव्हीलवर निळे-जांभळे डाग, तापून आलेले. असल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट तशीच बसवली तर गाडी उचलताना झटके मारते, म्हणून ते फेसिंगला, म्हणजे वरचा थर घासून सपाट करायला, शेजारच्याच लेथवर दिलं. हा उद्यमनगरचा खरा फायदा, जॉब दहा पावलांवर होतो. पण किती घासायचं तेही मिस्त्री लेथवाल्याजवळ उभं राहून सांगत होते, डाग जातील एवढंच, जास्त न्हाई.

क्रँकच्या मागच्या ऑइल सीलला ओल होती. गळत नव्हतं, नुसती ओल. तरी बदलूया म्हणाले, सील स्वस्त असतं, पण नंतर गळून नव्या प्लेटवर ऑइल आलं तर परत गिअरबॉक्स उतरवायचा, म्हणजे मजुरी परत तेवढीच. हे मला पटलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा सेटच टाकला, एक्सेडी कंपनीचा, सीलबंद बॉक्स माझ्यासमोर फोडला. नुसती प्लेट टाकून पैसे वाचवायचा पर्याय विचारला तर स्पष्ट नको म्हणाले आणि जुन्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांच्या टोकाला बेअरिंगने पाडलेली खाच दाखवली. प्लेट मधोमध बसवायला त्यांच्याकडं जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्टच ठेवलाय, तो घालून सेंटर काढतात आणि बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळतात. बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या शाफ्टला ग्रीस, नवी केबल, नवं गिअर ऑइल.

सगळं धरून बिल सात हजारांच्या आत. आधीच्या गॅरेजने याच्या दुप्पट आकडा सांगितला होता, गिअरबॉक्स धरून, आणि गिअरबॉक्सला काहीच झालेलं नव्हतं. जुने पार्ट पिशवीत घालून दिले, न मागता.

आता कमी काय ते पण सांगते. दिलेल्या वेळेला गाडी मिळाली नाही, लेथवर नंबर होता म्हणून एक दिवस पुढं गेलं आणि तसा फोन मलाच करावा लागला. बसायला धड जागा नाही, बायकांनी थांबायचं तर अडचणच आहे, दारात एक खुर्ची टाकावी एवढं मी त्यांना सांगून आलेय. बिल वहीच्या कागदावर, पार्टचं दुकानाचं बिल मात्र वेगळं पक्कं मिळालं. इलेक्ट्रिकल आणि एसीचं काम घेत नाहीत. हायड्रॉलिक क्लचवाल्या गाड्या घेतात, मी होते तेव्हा एका जुन्या डिझेल गाडीचं पेडल खाली जाऊन तिथंच बसत होतं, मालक क्लच सेट घेऊनच आलेला, तर मिस्त्रींनी खालचा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा) गळतोय ते दाखवून सेट परत करायला लावला. त्यामुळे तुमच्या गाडीत केबल नसून ऑइलवरचा क्लच असेल तर आधी डबीतली ऑइलची लेव्हल बघा, ती उतरत असेल तर प्लेटला हात लावू देऊ नका.

काम होऊन आता पावसाळा गेलाय. पेडल एवढं हलकं झालंय की सासूबाईंना घेऊन महाद्वार रोडच्या गर्दीतून काढली तरी पाय दुखत नाही. पन्हाळा, जोतिबा दोन्ही चढून आले, माणसं भरून, काटा आणि स्पीड बरोबर वाढतात. गाडी देताना मिस्त्रींनी सांगितलेलं पाळतेय, सुरुवातीचे काही शे किलोमीटर घाई करायची नाही, चढावर सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरायची नाही, हँडब्रेक लावायचा, आणि चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवायचा नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पेडलचा खेळ बोटाने बघते, कमी वाटला तर ते फुकट सेट करून देतात.

जायचं असेल तर सकाळी उघडताना जा, दुपारनंतर ते गाडीखाली असतात आणि नवीन गाडी बघत नाहीत. आणि ट्रायलला रोज जो चालवतो त्यानेच जा, ते त्यालाच विचारतात.