आधी इमर्सन की आधी थोरो?

निसर्गावर लिहिणारे हे दोन अमेरिकन लेखक; आधी कुणाला वाचावं? इमर्सनचं ‘नेचर’ १८३६चं, थोरोचं ‘वॉल्डन’ १८५४चं. क्रमाने जायचं तर इमर्सन आधी. पण मी म्हणेन, थोरोच उचला. इमर्सन रानात उभा राहतो आणि आपण पारदर्शक डोळाच झालो म्हणतो. वाक्य झकास, पण हाताला काही लागत नाही. थोरो मात्र वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोपटाचा हिशेबच मांडतो: एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट, त्यात नुसत्या खिळ्यांचे ३ डॉलर ९० सेंट! (जागा इमर्सनचीच होती, हेही विसरू नये.) शिवाय ‘वॉल्डन’ दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलंय. मग ‘नेचर’ घ्या. ते लहानसं आहे, पण घाईत संपवायचं नाही. रोज दोन पानं पुरेत.