बेटावरचं घर: समुद्राकडे भिंतभर काच की खोल पडवी?

बेटावर नव्या पद्धतीचं घर बांधायचं, पण तिथल्या जुन्या घरांच्या वळणाचं, असं ठरलं की दिशा, छपराचा उतार, दगड की काँक्रीट यावर सल्ले भरपूर मिळतात, ते मी सोडून देतो. खरं अडतं समुद्राकडच्या बाजूला. तिथे स्लायडिंग काच लावायची, की जुन्या लोकांसारखी खोल पडवी काढून मागे लाकडी झडपांची दारं-खिडक्या ठेवायच्या? मी एकाच घरात दोन्ही वापरलंय, आधी पाच वर्षं काच, मग ती काढून पडवी.

काचेचं चांगलं आधी सांगतो. पलंगावरून सगळा समुद्र दिसतो, दिवसभर उजेड असतो, आणि बाहेर कितीही वारा असला तरी पुस्तकाचं पान हलत नाही. पडवीच्या मागची खोली दुपारी जरा काळोखी वाटते आणि वळचणीमुळे वरचं आभाळ दिसत नाही, हे मला अजूनही खटकतं.

पण तो खालचा ट्रॅक! बारीक वाळू, मीठ आणि दमट हवा, या तिन्हींचा त्यात असा राप बसतो की व्हॅक्यूमने निघत नाही, मी आठवड्यातून दोनदा जुना टूथब्रश आणि तांब्याभर गोडं पाणी घेऊन खाली बसायचो, तरी अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड यायचीच आणि रोलर गंजून खरखरायचे. रोलर दोनदा बदलले. दुसऱ्यांदा ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले, ते नेहमीच्या ३०४ ग्रेडपेक्षा खाऱ्या हवेत नक्कीच जास्त टिकतं, पण धुतलं नाही तर त्यावरही चहासारखे डाग पडतात आणि वाळूला तर ग्रेडशी काही देणंघेणंच नाही. शेवटी पल्ला इतका जड झाला की आईला एकटीला उघडेना. एका संध्याकाळी मी घरी आलो तर बाहेर छान वारा सुटलेला आणि ती बंद काचेच्या आत उकाड्यात बसलेली. माझ्यापुरतं तिथेच ठरलं.

पावसाचंही तसंच. तिरका पाऊस आला की काच लावावीच लागते, मग आत घुसमट नाहीतर एसी. आता पडवी आठ फूट खोल आहे, साध्या पावसात पाणी पायऱ्यांच्या आत येत नाही आणि झडपांच्या पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली उतरत्या असल्याने उडालेले थेंब बाहेरच राहतात, वारा तेवढा आत येतो. जपानच्या ओकिनावा बेटांवरच्या जुन्या घरांमध्येही हीच समज दिसते, खांबांवर पेललेली खोल वळचण, लाल कौलांच्या सांध्यांत चुन्याचा गिलावा म्हणजे वादळात कौलं उडत नाहीत, आणि भोवती प्रवाळी दगडाचा गडगा.

मात्र पडवी काढताना दोन गोष्टी नीट करा. वादळी पट्ट्यात असाल तर पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं बांधा, सलग वासे पुढे काढू नका, कारण वारा खालून शिरून उचलतो तेव्हा गेलीच तर पडवी जावी, घरावरचं छप्पर नाही. दुसरं म्हणजे नुसत्या कौलांवर विसंबू नका, जोराच्या वाऱ्यात पाणी कौलांखाली चढतं. श्रीलंकेत वास्तुकार जेफ्री बावांनी सिमेंटच्या नालीदार पत्र्यांवर अर्धगोल कौलं बसवायची युक्ती वापरली होती, पाणी पत्रा अडवतो आणि कौलांमुळे ऊन्हाचा ताप कमी लागतो. त्यांच्या वेळचे ते पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असायचे, आता बिनअ‍ॅस्बेस्टॉसचेच घ्या. मी तेच केलं, आणि पत्र्याचा तो ताडताड आवाजही कौलांखाली बराच दबतो.

झडपांना देखभाल नाही असं नाही. वर्षातून एकदा तेल, बिजागऱ्या पितळी, डासांसाठी आतून जाळीची वेगळी चौकट, आणि पट्ट्यांवरची धूळ पुसायचं काम किचकट आहे हे मान्य. पण हे सगळं उभ्याने होतं आणि एक पट्टी खराब झाली तर सुतार तेवढीच बदलतो.

तुमचं घर किनाऱ्यापासून बरंच आत, झाडांच्या आडोशाला असेल तर कदाचित काच तुम्हाला इतका त्रास देणार नाही. समुद्र आतून दिसायलाच हवा असेल तर मी एक मोठी फिक्स काच पडवीच्या सावलीत बसवेन, जिथे बाहेरून नळीने धुता येईल, आणि शेजारी झडपांचं दार. सरकतं काही त्या बाजूला ठेवणार नाही.