पाल्मा ते सोयेर: जाताना रेल्वे, येताना बस

युरोपात पोरांकडे जाणारी आपली गोंयकार मंडळी स्पेनचं मायोर्का बेट हमखास गाठतात आणि परत आली की तिथल्या पाल्मा शहरातून सोयेर गावाला जाणाऱ्या लाकडी रेल्वेचे फोटो दाखवतात. रेल्वे घ्याच, पण एकाच बाजूची. येताना बस धरा, थोडे पैसेही वाचतात.

गाडी सुटते प्लासा दे एस्पान्या चौकातून. विमानतळाची ए-१ बस तिथंच सोडते. मोठं बसस्टँड जमिनीखाली आहे. तिथं खाली जाऊ नका, या गाडीचं छोटं स्टेशन वरच आहे.

१९१२ ची नॅरोगेज. २७ किलोमीटरला तासभर घेते. आधी बदामाच्या बागा, मग डोंगर आणि तेरा बोगदे. मोठा बोगदा जवळपास तीन किलोमीटरचा. तिथं खिडकी लावून घ्या, आत गारठा आणि बोलणं ऐकू न येण्याइतका खडखडाट. बाहेर पडलं की खाली सोयेर आणि सभोवार संत्र्याच्या बागा. दूधसागरच्या घाटाची सर नाही, हे मी तिथंही बोललो. पण डब्याचं लाकूडकाम बघत राहावं असं.

सोयेर स्टेशनातच पिकासोची मातीची भांडी मांडलेली आहेत, बघायला पैसे नाहीत. पुढं बंदरापर्यंत १९१३ पासूनची ट्राम. तिचे काही डबे चक्क लिस्बनहून आणलेले. पोर्तुगीज काही आपली पाठ सोडत नाहीत!

खाण्याचं एक सांगतो. एन्सायमादा नावाचा पिठीसाखर भुरभुरलेला गोल पाव सगळीकडे दिसतो. त्यात डुकराची चरबी असते, नावच त्यावरून पडलंय. आमची ही गुरुवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, तिनं संत्र्याच्या ताज्या रसावर भागवलं. रस मात्र झकास.

परतीची बस डोंगराखालच्या रस्त्याच्या बोगद्यातून अर्ध्या-पाऊण तासात पाल्माला पोचते. कंडक्टर नाहीच. बँकेचं कार्ड चढताना मशीनला लावायचं आणि उतरतानाही लावायचं. उतरताना राहिलं तर भाडं जास्त कापलं जातं. माझा जन्म कंडक्टरकीत गेला, त्यामुळे दारापाशी बसून सगळ्यांचे हात बघत होतो. एकही माणूस चुकला नाही.

वार निवडायचा तर रविवार घ्या. पाल्माचं मोठं कॅथेड्रल त्या दिवशी पर्यटकांना बंद, ओलिवारचा बाजारही बंद, मग शहरात बसून करणार काय? फक्त शेवटच्या बसची वेळ सकाळीच बघून ठेवा.